पगारी समाजसेवेचं मोल

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडलं की वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांवर एक बिरुद हमखास दिसतं: समाजसेवक. फलकावरची व्यक्ती बहुधा पालिका निवडणुकीतली इच्छुक असते. मराठी मनातलं समाजसेवकाचं दुसरं चित्र याच्या थेट विरुद्ध टोकाचं आहे. वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं करणारे बाबा आमटे, हिंगण्याला झोपडीत विधवांसाठी आश्रम चालवणारे धोंडो केशव कर्वे, खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा. एक वाट सत्तेकडे जाणारी, दुसरी सर्वस्व सोडून देणारी. या दोन चित्रांच्या मधली जागा आपण रिकामी ठेवली आहे, आणि त्याच जागेवर या शहरातली कितीतरी माणसं आयुष्यभर काम करत आली आहेत.

ही माणसं नोकरी करतात. त्यांच्याकडे समाजकार्याची पदवी असते, हजेरीपट असतो, महिनाअखेरीला पगार होतो. कुणी पालिकेच्या रुग्णालयात समाज विकास अधिकारी, कुणी कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक, कुणी बालगृहात परिविक्षा अधिकारी, कुणी वस्तीत काम करणाऱ्या संस्थेत कार्यकर्ती. यांत बायकांची संख्या मोठी, म्हणून मी ‘ती’ असंच लिहिणार आहे. ती तीस-बत्तीस वर्षं एका टेबलामागे बसते आणि निवृत्त होते. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, आणि एक ठरलेलं वाक्य मिळतं: मॅडम, तुम्ही किती जणांची आयुष्यं उभी केलीत. ते ऐकताना ती मनातून अवघडते. काही आयुष्यं उभी राहिली हे तिला माहीत आहे. पुष्कळ राहिली नाहीत हेही माहीत आहे. आणि बहुसंख्य माणसांचं पुढे काय झालं, ते तिला कधीच कळलेलं नाही.

मग त्या तीस वर्षांना अर्थ कशाचा? या प्रश्नाची आपण दोन तयार उत्तरं देतो. एक त्यागाचं: तिनं स्वतःचा विचार केला नाही, हेच मोठेपण. दुसरं मोजणीचं: तिच्यामुळे अमुक इतक्या लोकांना लाभ झाला. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, आणि त्यांनी या कामाचं नुकसान केलं आहे असंही वाटतं. माझ्या मते या कामाचा अर्थ दोन गोष्टींत आहे. ते करण्याच्या कसबात, आणि एकाच ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहण्यात. यातली दुसरी गोष्ट तिच्या एकटीच्या हातात नसते.

त्यागाचं उत्तर आधी घेऊ. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा तोच खरा, हा आपला जुना समज. त्यामुळे जी भाकऱ्या भाजण्याचा पगार घेते, तिच्याबद्दल मनात एक सूक्ष्म संशय राहतो. नातेवाईक विचारतात, ‘समाजसेवेचे पैसे घेता?’ शिक्षकाला आणि डॉक्टरला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या परंपरेची नीट आठवण असती तर तिलाही विचारला नसता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यांना कडक शपथा होत्या, पण त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहाची बेताची का होईना, नक्की तरतूदही होती. पूर्णवेळ सार्वजनिक काम करणाऱ्याच्या घरची चूल कोणीतरी पेटती ठेवली पाहिजे, हे गोखल्यांना कळत होतं. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि गिरणगावातल्या कामगारांत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. शपथा आपण लक्षात ठेवल्या, तरतूद विसरलो.

त्यागाच्या भाषेचा खरा तोटा वेगळाच आहे. त्याग म्हटलं की कौशल्याची चौकशीच थांबते. जी ‘सेवा’ करते तिला ती नीट जमते का, हे विचारणं अनादर वाटू लागतं. हे काम मनाच्या चांगुलपणावर चालतं असा समज पक्का होतो. ते चांगुलपणावर चालत नाही, हे दाखवायला एक प्रसंग जवळून पाहावा लागेल. असे प्रसंग उपनगरातल्या कुठल्याही पालिका रुग्णालयात घडतात.

सकाळची ओपीडी. हाडांच्या विभागातून एक बाई केसपेपर घेऊन समाज विकास अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये येते. मनगट मोडलंय. केसपेपरवर लिहिलंय, बाथरूममध्ये पाय घसरून पडली. तिला पाठवलंय ते पैशांसाठी. प्लेट बसवायची तर बाहेरून आणावी लागेल आणि पुअर बॉक्स फंडातून मदत मिळते का ते बघायचंय. नवशिकी कार्यकर्ती उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड मागेल, अर्ज भरून घेईल. किंवा फार तर दार लावून थेट विचारेल, नवऱ्यानं मारलं का? बाई नाही म्हणेल आणि विषय मिटेल. अनुभवी बाई तसं करत नाही. ती आधी मुलांच्या शाळेचं विचारते. मग खोलीत किती जण, रात्री कोण कुठे झोपतं, पाणी किती वाजता येतं, ते कोण भरतं. बोलता बोलता विचारते, ‘रेशनकार्ड, आधार तुमच्या हाताशी असतं ना?’ बाई सांगते, सासूच्या पेटीत असतं, किल्ली त्यांच्याकडे. ‘आणि फोन?’ फोन मालकांकडे. या दोन उत्तरांत बरंच काही कळून येतं, आणि बाईला अजून एकही गोष्ट कबूल करावी लागलेली नाही.

पुढची पायरी आणखी नाजूक. घर सोड, तक्रार कर, असा सल्ला ती देत नाही, कारण बाई आज संध्याकाळी त्याच दहा बाय बाराच्या खोलीत परत जाणार आहे. हेल्पलाइनचा नंबर ती कागदावर लिहून देत नाही, तोंडपाठ करून घेते. कागद घरी कुणाला सापडला तर काय होईल ते तिला ठाऊक आहे. पैशाचा अर्ज भरते. आणि डॉक्टरांशी बोलून पुढची तारीख लवकरची घेते. प्लास्टर दाखवायला जायचंय असं म्हटलं की घरातून कुणी अडवत नाही. निघताना ती म्हणते, ‘पुढच्या सोमवारी या. मी इथेच असते.’

पुस्तकात या गोष्टींची तत्त्वं मिळतात. पण किल्ली कुणाकडे आहे हे विचारायचं असतं, तारीख हीच बाहेर पडण्याची वाट असते, नंबर लिहून द्यायचा नसतो, हे ज्ञान शेकडो बायकांच्या बोलण्यातून, आणि काही वेळा चुकून, हळूहळू साठत जातं. शल्यविशारदाच्या हाताला जसं वळण पडतं तसंच हे आहे, पण त्याच्या हाताचं कौतुक होतं आणि हिच्या प्रश्नांचं होत नाही. तीस वर्षांच्या नोकरीचा अर्थ शोधायचा तर मी पहिल्यांदा इथे शोधीन. एक अवघड काम ती शिकली, चांगलं शिकली आणि शेवटच्या दिवसापर्यंत नीट करत राहिली. हे स्वतःतच पुरेसं मोठं आहे. सुताराला, वैद्याला, गवयाला आपण हे मान्य करतो.

हे कसब आहे की नाही, हा वाद जगातही जुना आहे. अमेरिकेत १९१५ साली अब्राहम फ्लेक्स्नर यांनी समाजकार्याच्या परिषदेत उभं राहून सांगितलं की हा खऱ्या अर्थानं व्यवसाय नाही, कारण त्याचं स्वतःचं असं तंत्र नाही. दोनच वर्षांनी मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ आला. एका कुटुंबाची माहिती कशी गोळा करायची, कुणाच्या सांगण्यावर किती विसंबायचं, पुरावा कसा तोलायचा, याची त्यांनी पद्धतच मांडली. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारानं १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’, ती हीच. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. म्हणजे वर सांगितलेल्या केबिनला पाऊणशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. रुग्णालयात कित्येक खेपा घालणाऱ्यांनाही ती कुठल्या मजल्यावर आहे, हे सांगता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. आक्षेप असा: ही सगळी मलमपट्टी आहे. एका बाईला पुढच्या सोमवारची तारीख मिळाली, पण तिला मारणारी व्यवस्था जागच्या जागी राहिली. एका क्षयरोग्याच्या गोळ्या पूर्ण झाल्या, पण उजेड आणि वारा नसलेली त्याची खोली तशीच आहे. चळवळीतली माणसं ही टीका करत आली आहेत, आणि तिच्यात तथ्य आहे. देवनारचंच उदाहरण घ्या. १९५४ पासून ‘टिस’चं आवार देवनारला आहे, म्हणजे पालिकेच्या एम पूर्व विभागात. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत एम पूर्व तळाला होता. समाजकार्य शिकवणारी देशातली सर्वांत जुनी संस्था आणि शहरातला सर्वांत उपेक्षित विभाग एकमेकांच्या शेजारी पन्नासहून अधिक वर्षं नांदले, हे वाचून कुणालाही अस्वस्थ व्हायला होईल. मला झालं.

पण या वस्तुस्थितीतून समाजकार्य निष्फळ आहे असा निष्कर्ष काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं. एम पूर्वची गरिबी तिथे आपोआप उगवलेली नाही. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडतो आहे. कत्तलखाना तिथे गेला. रस्ते, रेल्वे, नाले रुंद करताना जी घरं पाडली, त्यांतली हजारो कुटुंबं मानखुर्द, गोवंडी, वाशीनाक्याच्या पुनर्वसन इमारतींत आणून ठेवली. शहराला जे नको होतं ते तिकडे ढकललं गेलं. समाजसेविकेनं ते अडवायला हवं होतं, ही अपेक्षा तिच्या अधिकाराच्या कितीतरी पलीकडची आहे. संस्थांकडून मात्र आपण उत्तर मागू शकतो. वस्तीत सर्वेक्षणं पुष्कळ झाली आणि त्यांच्या मानानं वस्तीच्या हाती थोडं लागलं, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार रास्त आहे.

मलमपट्टीच्या आक्षेपाचं खरं उत्तर मला गोरेगावात मिळतं. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या, १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न झालं आणि दोघं गोरेगावात राहिले. १९५८ मध्ये केशव गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. मृणालताई तिथेच राहिल्या आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच काम करत राहिल्या. २०१२ साली त्यांचं निधन झालं. त्या पगारी समाजसेविका नव्हत्या, राजकीय कार्यकर्त्या होत्या, तरी त्यांचं उदाहरण इथे लागू पडतं, कारण एकाच जागी इतका काळ राहिल्यानं काय घडतं ते त्यात स्पष्ट दिसतं.

आधी पाणी. पश्चिम उपनगरं १९५० च्या दशकात बृहन्मुंबईत येत गेली, वस्ती वाढली आणि नळ काही आले नाहीत. १९६१ ला मृणालताई नगरसेविका झाल्या, आणि पाण्यासाठी हंडे घेऊन निघणाऱ्या मोर्चांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांशी बोलता बोलता रॉकेल, तेल, धान्य यांचे प्रश्न पुढे आले. १९७२ मध्ये अहिल्या रांगणेकर आणि इतर साथींबरोबर महागाईविरोधी महिलांची समिती उभी राहिली आणि मध्यमवर्गातल्या, वस्तीतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. याच बायकांच्या घरातली मारहाण हळूहळू बोलण्यात येऊ लागली. अशा बायकांसाठी १९८० च्या दशकात गोरेगावात ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू झालं. डोक्यावर छप्पर नाही हा प्रश्न होताच, म्हणून नागरी निवारा परिषद झाली. नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन मिळवायला लांबलचक लढा द्यावा लागला, आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सहा हजारांहून अधिक कुटुंबांना परवडणारी घरं मिळाली. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या लढ्यात त्या विधानसभेत उभ्या होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं असा कायदा देशात सर्वांत आधी केला. केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं.

या कामाला सुरुवातीपासूनचा आराखडा नव्हता. नळाच्या रांगेतली बाई ओळखीची झाली, तेव्हाच तिच्या पाठीवरचा वळ दिसला. दोन-तीन वर्षांचा प्रकल्प आटोपून मृणालताई पुढच्या गावी गेल्या असत्या तर गोरेगावाला पाणी कदाचित मिळालंही असतं. ‘स्वाधार’ झालं नसतं. एकाच दारात पुन्हापुन्हा येणारी तक्रार पाहून ती एकटीदुकटीची नाही, सगळ्यांची आहे, हे ज्याला कळतं, तो मलमपट्टीच्या पुढे जातो. हे कळायला वर्षं जावी लागतात.

पगारी समाजकार्यातही असंच झालं आहे, फक्त त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली नाही. विवाहितेच्या छळाबद्दलचं ४९८अ कलम १९८३ साली दंडसंहितेत आलं. १९८४ मध्ये ‘टिस’नं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. तिथे बसणारी समाजसेविका गणवेशात नाही, पण बसते पोलिसांच्या छपराखाली, कारण घाबरलेली बाई सर्वात आधी तिथेच येते. गुन्हा नोंदवायचा की नाही हे बाईनं ठरवायचं. समाजसेविका तिला तिचे पर्याय सांगते, स्त्रीधन परत मिळवून देते, नवऱ्याला बोलावून पोलिसांच्या देखत समोरासमोर बसवते, राहायची सोय बघते. ही पद्धत पुढे राज्य सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र काढलं. ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईची दुखापत केसपेपरवर नीट नोंदवण्याची, तिला विचारण्याची, थांबवून घेण्याची रीत रुग्णालयाच्या कामकाजातच बसवली गेली. तेही मॉडेल नंतर इतर रुग्णालयांत गेलं. या व्यवस्था कुणा एका थोर व्यक्तीच्या स्फूर्तीतून निघाल्या नाहीत. केबिनमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या बायकांनी जे पाहिलं होतं, त्यातून त्या घडल्या.

आता मोजणीचं उत्तर. फळ मिळालं तर काम सार्थ, हे ऐकायला रास्त वाटतं. पण या निकषावर मृणालताईंचं कामसुद्धा टिकत नाही. १९८८ चा कायदा झाला, आणि तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. कायद्यानंतर घट झाली. पाण्याची गोष्टही तशीच. ज्या हक्कासाठी गोरेगावच्या बायकांनी हंडे वाजवले, त्याच हक्कासाठी पाणी हक्क समितीला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि अनधिकृत झोपड्यांतल्या माणसांनाही पाणी नाकारता येणार नाही हे न्यायालयानं सांगितलं ते डिसेंबर २०१४ मध्ये. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण २०२२ चं. पन्नास-साठ वर्षांनी तीच मागणी. तेव्हा आधीचं काम वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. २०१४ मध्ये पाणी हा हक्क आहे असं न्यायालयात मांडता आलं, कारण त्याआधी दोन पिढ्या तसं मानणाऱ्या माणसांनी मोर्चे काढले होते. पण हे समाधान त्या पहिल्या पिढीला तिच्या हयातीत मिळेलच असं नसतं. ज्या कामाची लांबी एका माणसाच्या आयुष्याहून मोठी आहे, त्याचा अर्थ त्या माणसाच्या हाती आलेल्या निकालावर टांगता येत नाही.

तरीही आज सगळा जोर निकालावरच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. यातून पैसा आला, आणि तो हवाच होता. पण त्या नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष वगळता तीन वर्षांपर्यंतच. मालवणी किंवा शिवाजीनगरच्या एखाद्या गल्लीत कार्यकर्तीला लोक घरात बोलवायला लागतात तेव्हा पहिलं वर्ष सरलेलं असतं. दुसऱ्या वर्षी तिथल्या बायका खरं बोलू लागतात. तिसऱ्या वर्षी प्रकल्प संपतो, लाभार्थ्यांचा आकडा अहवालात जातो, आणि ती कार्यकर्ती दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या विषयावर, दुसऱ्या वस्तीत पहिल्यापासून सुरुवात करते. तिनं मिळवलेला विश्वास कुठल्याच तक्त्यात मावत नाही, म्हणून तो कुणी जपतही नाही.

आणि कंत्राट. विशेष कक्षांत, एड्स समुपदेशनात, बालसंरक्षणात काम करणाऱ्या अनेक जणी वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. जून २०२४ मध्ये खुद्द ‘टिस’मधल्या शंभरावर कंत्राटी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याची पत्रं गेली. ओरड झाल्यावर ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. पण ज्यांच्या हाती ती पत्रं पडली, त्यांची त्या दोन रात्रींतली झोप कुणी परत देऊ शकत नाही. ‘मी इथेच असते’ हे वाक्य त्या मनगट मोडलेल्या बाईसाठी सगळ्यांत मोलाचं होतं. अकरा महिन्यांच्या करारावरची कार्यकर्ती ते कुठल्या भरवशावर म्हणणार? सोमवारी बाई आली आणि खुर्चीत नवीन चेहरा असला, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची ताकद तिच्यात असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती केबिनच्या दारातूनच मागे फिरते.

टिकून राहणं आपोआप चांगलं ठरत नाही, हेही मला म्हणायचंय. दीर्घ नोकरीत माणूस दोन प्रकारे बिघडतो. एक तर कोडगा होतो: समोरच्या बाईचं पहिलं वाक्य ऐकलं की उरलेली गोष्ट आपल्याला माहीत आहे असं वाटतं आणि ऐकणं बंद पडतं. नाहीतर त्याला आपली गरज असण्याची सवय लागते. माझ्यावाचून हिचं काय होईल, या भावनेतून कार्यकर्ती समोरच्याला उभं राहू देत नाही. दोन्ही मी पाहिलेत, आणि दुसरा प्रकार ओळखायला जास्त कठीण, कारण तो मायेच्या वेशात येतो. यावरचा उपाय या क्षेत्राला माहीत आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला फिल्डवर्कच्या काळात दर आठवड्याला सुपरवायझरसमोर बसावं लागतं. तू हा प्रश्न का विचारलास, तिथे गप्प का बसलास, तुला राग कशाचा आला, अशी उलटतपासणी होते. मुलं त्या तासाला घाबरतात आणि पुढे आयुष्यभर त्याचीच आठवण काढतात. कारण नोकरी लागली की हा तास बंद होतो, तो कायमचा. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या माणसाचं ऐकून घेणारं कुणी नसतं. मग थकवा येतो, आणि आपण त्या थकव्यालाही तिच्या निष्ठेची कमतरता समजतो.

म्हणून कुणी मला विचारलं की समाजकार्यात आयुष्य घालवणाऱ्यानं आपल्या कामाचा अर्थ कसा शोधावा, तर मी आधी प्रश्नाचा रोख बदलीन. तिनं तो पुष्कळ वेळा शोधलेला असतो. किल्लीबद्दलच्या त्या एका प्रश्नात तो आहे, आणि तो अचूक जागी विचारता आला याचं जे समाधान तिला संध्याकाळच्या लोकलमध्ये होतं, ते कुणाच्या शालीवर अवलंबून नसतं. तिला हवं असतं ते वेगळंच: भरलेली पदं, वेळेवर पगार, आठवड्यातून एकदा ऐकणारं माणूस, आणि निवृत्त होताना आपलं ज्ञान कुणाच्या तरी हाती सोपवण्याची सोय. शेवटची गोष्ट तर जवळजवळ कुठेच नाही. डॉक्टर निवृत्त होतो तेव्हा त्याचे विद्यार्थी मागे असतात. समाज विकास अधिकारी निवृत्त होते तेव्हा पद कित्येक महिने रिकामं पडतं, आणि ते भरेपर्यंत ती घरी गेलेली असते. कुठल्या वस्तीत दुपारी जायचं नाही, कुठल्या पोलीस ठाण्यात कुणाशी बोललं की काम होतं, अनोळखी रुग्णाच्या बोलीवरून त्याचा तालुका कसा ओळखायचा, हे सगळं तिच्याबरोबर जातं. निदान दोन महिने जुनीनं नवीला शेजारी बसवून शिकवावं, एवढी सोय पालिकेला आणि राज्य सरकारला अवघड नाही.

हे घडवून आणायला समाजसेवक असावं लागत नाही. आपल्या विभागातल्या पालिका रुग्णालयात, राजावाडी असो, कूपर असो की कांदिवलीचं शताब्दी, समाज विकास अधिकाऱ्यांची किती पदं मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, त्यांतली किती कंत्राटी आहेत आणि रिकामी पदं कधीपासून रिकामी आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. विचारा, आणि आलेलं उत्तर आपल्या नगरसेवकासमोर ठेवा. अर्जाला दहा रुपये लागतात.